रुमाल सोडण्यापूर्वी

जुन्या पोथ्या आणि दफ्तरांचा विषय निघाला की हल्ली एकच उपाय सुचवला जातो: स्कॅन करून टाका. चित्रे एकदा संगणकात गेली की मग कपाटाला वाळवी लागो नाहीतर छत गळो, चिंता मिटली. शोधायचे काय ते यंत्र शोधून देईल. १ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मोहीम जाहीर झाली, तेव्हा एक कोटीहून अधिक हस्तलिखिते तिच्या कक्षेत येतील असे सांगण्यात आले. त्या घोषणेत सर्वेक्षण होते, नोंदणी होती, जतनही होते. पण व्यासपीठावरून बोलणाऱ्यांच्या तोंडी राहतो तो आकडा आणि स्कॅनर. सूची करणारा माणूस या सगळ्यात असलाच, तर कोपऱ्यात रजिस्टर उघडून बसलेला. नग मोजायचे, नंबर टाकायचे, ग्रंथाचे नाव लिहायचे, एवढे त्याचे काम. बुद्धीचे काम नंतर येणारा संशोधक करणार, असा समज. सुशिक्षितांचाही हाच समज आहे, किंबहुना त्यांचाच अधिक.

हा समज उथळ आहे आणि तो महागात पडतो. माझे म्हणणे असे, की हस्तलिखितांची किंवा दफ्तराची सूची करणे हे इतिहासलेखनाचे पहिले पाऊल आहे आणि सर्वांत कमी तपासले जाणारेही. एक नग कशाला म्हणायचे, तो कोणाच्या नावावर घालायचा, कोणत्या साली बसवायचा, कोणत्या कागदाशेजारी ठेवायचा, हे निर्णय सूचीकार घेतो. पुढच्या अभ्यासकाला ते उलटवता येतात, पण त्यासाठी ते निर्णय होते हे आधी कळावे लागते. आणि सूचीच्या रकान्यात ते निर्णयासारखे दिसत नाहीत, वस्तुस्थितीसारखे दिसतात. म्हणून सूची न करता केलेले स्कॅनिंग म्हणजे अडगळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणे. आणि बेफिकीर सूची करून केलेले स्कॅनिंग त्याहून वाईट, कारण तिथे चूक कायमची होते. हे चार टप्प्यांनी मांडतो, मग आक्षेपांकडे वळतो.

१. ‘एक’ कशाला म्हणायचे?

एक कोटी हस्तलिखिते म्हणजे एक कोटी काय? छापील पुस्तकाच्या बाबतीत हा प्रश्न हास्यास्पद ठरेल. पुस्तकाला मुखपृष्ठ असते, त्यावर लेखक असतो, प्रकाशक असतो, साल असते. ग्रंथालयशास्त्राची सगळी हत्यारे या मुखपृष्ठावर पोसली आहेत. पोथीला मुखपृष्ठ नसते. सुटी आडवी पाने, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती कापड. आत एकच ग्रंथ, तोही आदिअंती पूर्ण, असे असेल तर सूचीकाराचे नशीब थोर. बहुधा एका बासनात चार-दोन स्तोत्रे, एखादे माहात्म्य, आणि कुठल्या तरी ज्योतिषग्रंथाची मधलीच काही पाने एकत्र बांधलेली सापडतात. ती मालकाने मुद्दाम एकत्र ठेवली, की नंतर कोणी घर आवरताना गुंडाळली? या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय नगांची संख्यासुद्धा लिहिता येत नाही.

पोथीपेक्षा अवघड प्रकरण बाडाचे. बाड म्हणजे शिवलेली वही, आणि ती वहीसारखीच वापरलेली असते. कीर्तनकाराच्या बाडात पहिल्या पानावर तुकोबांचा अभंग असेल, पुढे नामदेवांचे चार, मग जनाबाईचे दोन, मग एक पद ज्याला नाममुद्राच नाही, मग एका आख्यानाचा पूर्वार्ध, मध्येच खोकल्यावरचे औषध, उधारीचा हिशेब, पुन्हा आरती. अक्षरही एका हाताचे नसते. बापाच्या बाडात मुलाने भर घातलेली असते. आता याची नोंद कशी करणार? छापील पुस्तकाच्या सवयीने पहिल्या अभंगावरून ‘तुकाराम, अभंग’ असे लिहून बाकीच्याला ‘इतर स्फुट’ म्हणून मोकळे होता येते. वर्षानुवर्षे तसे होत आले. पण त्यामुळे जनाबाईचे अभंग शोधणाऱ्याला हे बाड कधीच सापडणार नाही, आणि ज्याला सापडेल त्याला ते तुकोबांच्या गाथेची अपुरी, गबाळी प्रत वाटेल. वास्तविक ते एका गावच्या कीर्तनात कोणते अभंग कोणत्या क्रमाने म्हटले जात याचे टिपण आहे. बाडाचा कर्ता तुकाराम नाही, ज्याने ते जुळवले तो कीर्तनकार आहे. क्रिश्चन नोव्हेत्स्के या अमेरिकन अभ्यासकाने नामदेवांच्या सामाजिक स्मृतीवरच्या २००८ च्या ग्रंथात बाडांना कीर्तन परंपरेचा मुख्य पुरावा मानले. ही सामग्री आपल्या संग्रहांत आधीपासून होती. रकान्यांत तिला जागा नव्हती, इतकेच.

नाममुद्रेचेही असेच. ‘नामा’ अशी मुद्रा दिसली की कर्त्याच्या रकान्यात ‘नामदेव’ लिहिले जाते. पण मराठीत महाभारत रचणारा विष्णुदास नामा सोळाव्या शतकातला, आणि त्याखेरीजही ‘नामा’ म्हणवणारे होते. अभंग कोणाचा, हा मराठी संतवाङ्मयातला एक जुना, चिवट वाद आहे. तो वाद सूचीकाराने एका शब्दात निकाली काढलेला असतो, आणि आपण निकाल दिला हे त्याच्या गावीही नसते. इथे ‘मुद्रा: नामा, कर्ता: अनिश्चित’ असे लिहायला फक्त चार शब्द लागतात. ते चार शब्द लिहायचे की नाही हे ठरवायला मात्र वाङ्मयाचा इतिहास माहीत असावा लागतो.

दफ्तरातला रुमाल घेतला तर मोजणी आणखी ढासळते. कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा म्हणजे रुमाल; त्यात काही शे कागद असू शकतात. रुमाल मोजला तर एक, बंद मोजले तर हजार. दोन संस्था आपापले आकडे अभिमानाने सांगतात, तेव्हा त्या एकाच गोष्टीविषयी बोलत असतील याची काही खात्री नाही.

२. वर्णन म्हणजे निवाडा

पोथीच्या चांगल्या नोंदीत काय असते ते पाहा. ग्रंथनाम, आणि ते कुठून घेतले: समासातल्या संक्षेपावरून, अध्यायाच्या समाप्तीवरून की पुष्पिकेवरून (पोथीच्या अखेरची लेखनकाराची नोंद). पानांची संख्या, कोणती पाने गहाळ. पानाची लांबी-रुंदी, दर पानावर ओळी किती, दर ओळीत अक्षरे किती. लिपी. कागद की ताडपत्र की भूर्जपत्र. आरंभीचा आणि अखेरचा मजकूर जसाच्या तसा, अशुद्धे न सुधारता. लेखनकाराचे नाव, गाव, कोणासाठी लिहिले. नंतरच्या मालकांच्या नोंदी. हे सगळे यांत्रिक वाटते. एकेक रकाना उघडून पाहिला की वेगळे दिसते.

साल घ्या. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस रचनेचा शक येतो, १२१२. एकनाथांनी ती शुद्ध केली तो शक १५०६. हातातली पोथी लिहिली गेली तो शक तिसराच, समजा १६९०. पहिल्या दोघांचा तिसऱ्याशी काही संबंध नाही, पण घाईत तिघांपैकी कोणताही ‘काल’ या रकान्यात जाऊन बसतो. याहून फसवी गोष्ट अशी, की लेखनकार कित्येकदा समोरच्या मूळ प्रतीची पुष्पिकाही उतरवून घेई, तिच्यातल्या शकासकट. मग पुष्पिका सांगते एक आणि कागद सांगतो दुसरे. कागदाचा पोत, जलचिन्ह असल्यास ते, शाई, अक्षराचे वळण, यांवरून पोथी शंभर वर्षांनी अलीकडची आहे हे ओळखायला डोळा तयार असावा लागतो. पुष्पिकेवर विसंबून लिहिलेले साल पुढे प्रस्तावनांत जाते, तिथून कोशांत, आणि एका नकलेला जुनेपणाचे मानपत्र मिळते.

मोडी कागदांत कालनिर्णयाची गंमत आणखी वाढते. अस्सल कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ मिळवा की इसवी सन १७६० येतो. कोष्टकात तसेच सांगितलेले असते. पण हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे मेअखेर-जूनच्या सुमारास बदलते, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदांना ५९९ नव्हे, ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, म्हणजे याच ११६१ मध्ये. आता या सनाचे एक पत्र समोर आहे, त्यात उत्तरेकडची काळजी आहे, फौजेची चौकशी आहे. सूचीकाराने महिना न पाहता ‘१७६०’ लिहिले तर फेब्रुवारीत, बातमी फुटत असताना लिहिलेले पत्र लढाईआधीचे होऊन बसते. शोकातला माणूस आशेत दिसू लागतो. अशा एका आकड्यावर कोणी एक परिच्छेद रचतो, दुसरा त्याचा हवाला देतो. मूळ कागद कोणीच परत काढत नाही, कारण सूचीत तो ‘१७६०’ आहे आणि त्यात शंकेला जागाच ठेवलेली नाही.

आणि हे झाले सन लिहिलेल्या कागदाचे. खासगी पत्रांत बहुतेक वेळा सन नसतोच. ‘छ १२ रजब’ एवढेच; चंद्र बारावा, महिना रजब. ज्याला पत्र लिहिले त्याला वर्ष कोणते हे ठाऊकच होते! रजब महिना दरवर्षी येतो. मग वर्ष ठरवायचे कसे? मजकुरातल्या घटनांवरून, आणि ते जमले नाही तर ते पत्र कोणत्या पत्रांच्या मध्ये ठेवलेले होते यावरून.

३. शेजार हाही पुरावाच

पोथी एकटी उभी राहू शकते, दफ्तरातला कागद राहू शकत नाही. फ्रान्सच्या अंतर्गत मंत्रालयाने २४ एप्रिल १८४१ च्या परिपत्रकात नियम घातला, की एका कचेरीतून, संस्थेतून किंवा घराण्यातून आलेले कागद एकत्र राहतील, विषयवार फोडून दुसऱ्यांत मिसळले जाणार नाहीत. १८९८ साली मुलर, फाइथ आणि फ्रॉइन या तीन डच अभिलेखपालांनी दफ्तराच्या मांडणीवर लिहिलेल्या ग्रंथात याची शास्त्रशुद्ध मांडणी केली, त्यात मूळ क्रमही राखावा हे आग्रहाने सांगितले. योगायोग असा, की १८९८ हेच ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी बाहेर काढल्याचे साल. तिकडे दफ्तर जागच्या जागी कसे ठेवावे याचे नियम ठरत होते, तेव्हा इकडे वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या पुड्यांपासून कागद वाचवण्याची धावपळ होती. राजवाड्यांना हातात आले ते छापून टाकण्याची घाई होती आणि ती रास्त होती. पण आणीबाणीतल्या त्या घाईला आपण नंतर पद्धत मानू लागलो.

पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे पाहा. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, चिटणिशी, जमाव: ही नावे कोणा ग्रंथपालाने सुचवलेले विषय नाहीत. ज्या कामातून कागद निघाले त्या कामांची ती नावे आहेत. रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने नोंद होते, घडणीत तेच व्यवहार खातेवार लागतात. एकच रक्कम दोन्हीकडे दिसली तर ती दोनदा दिली गेली असे नाही. हे ज्याला ठाऊक नाही तो दोन्ही कागद स्वतंत्र पुरावे म्हणून मोजेल. १८१८ नंतर हे दफ्तर इंग्रजांकडे गेले, आणि १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने दाव्यांची छाननी आरंभली तेव्हा याच कागदांना लोकांच्या सनदा ताडून पाहण्याचे काम लागले. म्हणजे आजची मांडणी पूर्णपणे पेशव्यांची नाही. तिच्यात महसूल वाचवू पाहणाऱ्या सरकारचा हात आहे. ही मिसळ दुरुस्त करून ‘मूळ’ क्रम लावू पाहणे घातक, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणेही. सूचीत दोन्ही थर नोंदले पाहिजेत.

कागद कुठे सापडला यावरून त्याची जातही ठरते. पेशव्यांनी सरदाराला लिहिलेले पत्र सरदाराच्या घराण्यात मिळाले तर ते पोहोचले होते. तेच पत्र पेशव्यांच्या दफ्तरात मिळाले तर तो मसुदा असेल, नक्कल असेल, किंवा कधीच रवाना न झालेले पत्र असेल. मजकूर अक्षरशः तोच. अर्थ मात्र वेगळा. एकाने हुकूम पोहोचल्याचे सिद्ध होते, दुसऱ्याने केवळ विचार झाल्याचे. चित्रात फक्त मजकूर दिसतो. पाठीवरचा शेरा, घड्या, जोड, वर बांधलेली चिठ्ठी, रुमालातली जागा हे सूचीत लिहिले तर उरते. म्हणून रुमाल सोडण्यापूर्वी, गाठीला हात लावण्यापूर्वी, कागद ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने त्यांना शिसपेन्सिलीने आकडे घालणे हे दफ्तरखान्यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, असे मी मानतो. एकदा पाने विषयवार चळतींत लावली की ही साक्ष परत मिळत नाही.

‘सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर’चे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात सिद्ध केले. हे प्रचंड काम आहे, आणि त्याशिवाय मराठ्यांचा राजकीय इतिहास आज जसा लिहिला जातो तसा लिहिताच आला नसता. परंतु निवड म्हणजे वगळणूक. राजकारण, लढाया, कारस्थाने वर आली; गावचे हिशेब, मामले, मजुरी, बाजारभाव मागे राहिले. पुढची कित्येक वर्षे हाताशी छापील खंड असल्याने अभ्यासक त्यांबाहेर फारसे गेले नाहीत. खुद्द सरदेसायांनी या दफ्तराची माहितीपुस्तिकाही १९३३ साली इंग्रजीत दिली. कोणत्या भागात काय आहे हे सांगणारी ही छोटी पुस्तिका मला ४५ खंडांइतकीच मोलाची वाटते. खंडांनी निवडलेले कागद दिले. पुस्तिकेने न निवडलेल्या कागदांपर्यंत जायची वाट दिली.

गोव्यात गोष्ट वेगळी घडली. तिथल्या अभिलेखागाराची सुरुवात १५९५ साली दियोगु दु कोतु या इतिहासकाराकडे हे काम सोपवण्यापासून होते. लिस्बनहून दरसाल जहाजांच्या ताफ्याबरोबर येणारी-जाणारी पत्रे तिथे त्या त्या मोसमाप्रमाणे बांधली गेली. मोंसोंईश म्हणून ती मालिका प्रसिद्ध आहे. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची मालिका निराळी, आणि मराठ्यांच्या इतिहासाला ती फार उपयोगी. मालिका मोडल्या नाहीत म्हणून पांडुरंग पिसुर्लेकरांना पोर्तुगीज-मराठे संबंधांचा अभ्यास एवढ्या खोलात जाऊन करता आला. १९३१ पासून १९६१ पर्यंत ते त्या अभिलेखागाराचे प्रमुख होते आणि १९५५ साली त्यांनी तिथल्या कागदांचे मार्गदर्शकही पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केले. संशोधक आणि सूचीकार ही दोन माणसे असावी लागत नाहीत, याचे आपल्याजवळचे हे उत्तम उदाहरण.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले हस्तलिखितांचे क्रमांकही पाहण्यासारखे आहेत. मुंबई सरकारने १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटरसन अशा विद्वानांकरवी जो संग्रह जमवला तो १९१८ मध्ये तिथे आला. त्यातल्या पोथ्यांचे क्रमांक आजही ‘१८७५-७६ पैकी अमुक’ अशा थाटाचे असतात. नव्या माणसाला ही कटकट वाटते. सरळ एकपासून क्रमांक का देत नाहीत? पण ‘१८७५-७६’ पाहताच जाणकाराला ब्यूलरची काश्मीरची फेरी आठवते. शारदा लिपीतली भूर्जपत्रावरची ऋग्वेदाची प्रत तिथूनच आली, आणि २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिसूचीत घेतलेल्या तीस ऋग्वेद हस्तलिखितांत ती आहे. क्रमांक बदलला असता तर काश्मीरशी असलेला हा धागा तुटला असता. लिपीचा रकाना किती वजनाचा असतो हेही याच संस्थेत दिसले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली, आणि तिचे संपादक सुखठणकर यांनी पाठपरंपरांची जी वंशावळ लावली तिचा पहिला आधार शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम असा लिपींचा होता. या कामाला १९१९ ते १९६६ एवढा काळ लागला. कोणत्या संग्रहात कोणत्या लिपीतली प्रत आहे हे सांगणाऱ्या सूची हाताशी नसत्या तर ते सुरूच कुठून झाले असते?

४. ‘संकीर्ण’ नावाचे कपाट

प्रत्येक सूचीत एक विभाग शेवटी असतो: संकीर्ण, स्फुट, इतर. सूचीकाराच्या शास्त्रात जे बसले नाही ते तिथे जाते. वेद, वेदांग, पुराण, धर्मशास्त्र, काव्य, न्याय हे वर्ग संस्कृत विद्येच्या अंगाने ठरलेले. लाहोरच्या पंडित राधाकृष्णांनी १८६८ साली सरकारला लिहिलेल्या पत्रातून देशभर सूचीकार्य सुरू झाले, तेही मुख्यतः संस्कृत ग्रंथांसाठी. ऑफ्रेख्ट या जर्मन पंडिताने १८९१, १८९६ आणि १९०३ अशा तीन भागांत ठिकठिकाणच्या सूचींची महासूची केली. मद्रास विद्यापीठाने तिचा नवा विस्तार १९३५ पासून हाती घेतला. संस्कृतला असे दोन अजस्र दीपस्तंभ मिळाले. मराठी हस्तलिखितांना एकही नाही. धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर, ठाणे-मुंबईची मराठी ग्रंथसंग्रहालये, भारत इतिहास संशोधक मंडळ, तंजावरचा सरस्वती महाल अशा संग्रहांच्या सूची आपापल्या परीने झाल्या. त्या सगळ्यांना एका धाग्यात ओवून अमुक ग्रंथाच्या प्रती कुठे कुठे आहेत हे सांगणारी मराठीची महासूची व्हायला हवी होती. महानुभाव ग्रंथांपुरते हे काम इअन रेसाइड या इंग्रज अभ्यासकाने १९६० मध्ये एका संदर्भसूचीत केले. आपण मराठी माणसांनी गौरवग्रंथ पुष्कळ काढले.

शेवटी ‘संकीर्ण’ विभाग उरणे हा वर्गीकरणाचा दोष नसून केवळ जागेचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. पण ‘संकीर्ण’मध्ये काय पडते? पाकक्रिया, घोड्यांची औषधे, गोंदणाचे नमुने, शेताची मापे, रंग तयार करण्याची कृती. कारागिरांचे आणि घरातले ज्ञान. पुढे कोणी ‘मराठीत असे वाङ्मय नाही’ असे विधान करतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की सूचीत तसा मथळा नाही.

आक्षेप

*यंत्र वाचू लागले की सूची कशाला?* हा सर्वांत जोरदार आक्षेप, आणि त्याला मी टाळत नाही. मोडी वाचणारी यंत्रे घडवण्याचे प्रयोग चालू आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, हात बदलला की वळण बदलते, या सगळ्या अडचणींवर ती मात करतील असे धरून चालू. मग शोधपेटीत ‘महादजी शिंदे’ टाकले की काय मिळेल? फार थोडे; कारण पत्रांत ते ‘पाटीलबावा’ आहेत. ‘रघुनाथराव’ टाका, पत्रांत ‘दादासाहेब’. ‘सेनासाहेब सुभा’ म्हणजे नागपूरकर भोसले, पण त्या साली कोण? ‘श्रीमंत’ म्हणजे त्या घडीचे पेशवे. ‘नाना’ म्हणजे नानासाहेब की फडणीस? ‘माधवराव’ म्हणजे बल्लाळ की नारायण? यंत्राला अक्षरे कळतील. माणूस कोण हे कळायला साल हवे, स्थळ हवे, कोणत्या दफ्तरातला कागद हे हवे. म्हणजे पुन्हा सूचीच. उलट, नीट सूची झालेल्या कागदांवर यंत्राला शिकवले तर ते उत्तम शिकेल. यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही, क्रम उलटा लावणाऱ्यांविरुद्ध आहे.

*इतकी बारीक सूची करायला शंभर वर्षे लागतील. तोवर कागद राहतील का?* हे खरे आहे. अनेक वर्णनात्मक सूची दशकानुदशके रेंगाळल्या, आणि परिपूर्णतेच्या हव्यासापायी कोट्यवधी कागद कोणत्याही नोंदीविना पडून राहिले, याचा दोष सूचीकारांकडेही जातो. मार्क ग्रीन आणि डेनिस माइस्नर या दोन अमेरिकन अभिलेखपालांनी २००५ मध्ये हेच सुनावले: प्रत्येक कागद कुरवाळत बसू नका, आधी संग्रहाच्या पातळीवर सगळ्यांचे वर्णन करा. मला ते पूर्ण मान्य आहे. पेशवे दफ्तरासारख्या संग्रहात आधी विभाग, मग रुमाल, आणि मागणी व महत्त्व पाहून निवडक रुमालांतले कागद, असे उतरत जाता येते. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेची १९९४ पासूनची वर्णनसंहिताही हीच पायरी धरते. बारीक काम थोड्या ठिकाणी, जाडे काम सगळीकडे. पण जाड्या कामालाही जाणकार लागतो. रुमालात ढोबळमानाने काय आहे हे पाच ओळींत सांगणे प्रत्येक कागदाचे नाव उतरवून काढण्यापेक्षा अवघड आहे.

*सूची झाली की मालक अडचणीत येतात.* वतनाचे वाद, महजरातली भांडणे, घराण्याची बदनामी, किंवा पोथ्या चोरीला जाण्याची भीती, यांमुळे कित्येक घराणी आणि मठ कोणाला कागद दाखवत नाहीत. महानुभावांनी तर आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत ठेवले होते. सकळ लिपी राजवाड्यांनी १९१० मध्ये उलगडली तेव्हा पंथात सगळ्यांना आनंदच झाला असेल असे नाही. या भीतीची चेष्टा करू नये. सूचीत कागदाचे वर्णन देऊन तो पाहण्यावर बंधन ठेवता येते. नोंद नसलेली वस्तू मात्र चोराच्याच सोयीची असते, कारण ती होती हे सिद्ध करता येत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. असे काही घडल्यावर काय शाबूत राहिले आणि काय गेले हे सांगायला रजिस्टरखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

*सूचीकाराच्या मतांनाच इतके महत्त्व दिले तर वस्तुनिष्ठता कुठे उरली?* ती सही आणि तारखेत उरते. नोंद कोणी केली, कधी केली, कोणते विधान कागदावरून घेतले आणि कोणते अनुमानाने, हे प्रत्येक नोंदीत असावे. चौकटी कंसातले साल म्हणजे अनुमानाचे साल, हा संकेत जुन्या संपादकांना ठाऊक होता. संगणकाच्या तक्त्यात साल टाकायला चार अंकांचा रकाना करताना तो कंस गेला, आणि ‘बहुधा’ हा शब्दही त्याबरोबर गेला. तो रकाना बदलणे दहा मिनिटांचे काम आहे.

पैसा कशाला मिळतो

स्कॅनिंगची कंत्राटे पानामागे दराने निघतात. जितकी पाने तितके पैसे, त्यामुळे कंत्राटदाराला सुटी पाने, सपाट पाने, एकाच आकाराची पाने प्रिय. घडीचे कागद, जोडपत्रे, पाठीवरचे शेरे, मधल्या चिठ्ठ्या त्याला नकोशा. पाठ कोरी ‘दिसली’ तर तो ती घेत नाही. वर्णनाचा रकाना निविदेत असतो, त्याला दर नसतो. मग तो ‘मोडी कागद, पाने ३१२’ अशा मजकुराने भरला जातो, आणि तपासणाराही पाने मोजूनच बिल पास करतो.

दुसरीकडे महाराष्ट्रात मोडीचे वर्ग भरतात, दरवर्षी बरीच माणसे हौसेने मोडी शिकून बाहेर पडतात. त्यांना कागद वाचता येतो, नोकरी नसते. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्यांना जागा मिळते. त्यांना संगणकीय नोंदीचे आराखडे येतात, सुहूर सन येत नाही. या दोन रांगा एका टेबलाशी आणायच्या तर अभिलेखागारांत आणि मोठ्या ग्रंथालयांत हस्तलिखित-सूचीकार असे स्वतंत्र पद हवे, ग्रंथपालाच्या बरोबरीच्या वेतनाचे. आणि निविदेत पानाइतकाच दर रुमालाच्या वर्णनाला हवा, वर्णन जाणकाराने तपासून मान्य केल्यावर देय. ज्ञान भारतम् मोहिमेचे पहिले काही हजार रुपये यावर खर्च झाले की बाकीचे कोट्यवधी कुठे खर्चायचे ते कळेल.